नुसतं चिकटवलेलं दार

फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोल दिवाळीपासून राखून ठेवला होता.
गरम तारेनं कापला की त्याला दगडाचं अंग येतं
आणि दुकानभर जळका, गोडसर वास,
म्हणून शटर अर्धं वर.

गणपतीवाल्याकडचं उरलेलं प्लास्टर.
ज्वारीच्या धाटातलं भेंड, लहानपणी ज्याच्या बैलगाड्या केल्या,
त्याचे खांब चार,
हत्तीखान्यातले आठवतील तसे.
एक मुद्दाम मोडका.
नेमका कितवा मोडायचा, यावर
व्यंकट आणि मी अर्धा तास भांडलो.

तळं फेविकॉलचं, त्यात दोन थेंब नीळ.
राक्षस एम-सीलचा,
डोळ्यांना मोहऱ्या,
शिंगांना पंख्याच्या वाइंडिंगची तार.
तीन महिने लागले त्याला.
एवढा जीव मी हिशेबाच्या वहीतसुद्धा लावला नाही कधी.

वीस बाजूंचा फासा अंबाजोगाईत कुठं मिळणार?
पाच चिंचोके, एका अंगानं फरशीवर घासलेले.
पाचही पांढरे पडले तर देव पावला.
पाचही काळे, तर
मी काही बोलत नाही,
नुसतं चष्मा पुसतो.

रविवारी आठ वाजता
मुदस्सिर येतो वेल्डिंगचं दुकान बंद करून,
डोळे लाल, तो आमचा जादूगार.
व्यंकट दिवसभर मेडिकलवर,
उधारी मागायला घाबरतो,
इथं त्याची तलवार सगळ्यांत लांब.
गंगासागर सरकारी दवाखान्यातली ड्यूटी उतरवून,
हाताला अजून स्पिरिटचा वास.
ती चोर.

ट्यूब आम्हीच बंद करतो.
एक मोबाईल आडवा गुहेच्या तोंडाशी,
आणि बोटाच्या पेराएवढा राक्षस
रंगाच्या डब्यांवर चढत छतापर्यंत जातो.
मी खतावणी उभी करून तिच्याआड:
"आत शिरलात. पायाखाली ओल.
वर काहीतरी फडफडायलंय."

सगळं खाली होतं.
खालच्या दालनात राक्षस, त्याच्याखाली
जुन्या चार आण्यांचा ढीग,
कोड्यातला पूल, उतरायला दोरी.
गंगासागर वाकली आणि म्हणाली,
"हे दार?"

आइस्क्रीमच्या काडीचे दोन तुकडे.
टाचणीची कडी.
भिंत मोकळी दिसत होती म्हणून लावलेलं.
त्याच्यामागं काहीच नव्हतं,
थर्मोकोल तिथंच संपला होता.

"कुलूप आहे," मी म्हणालो. "लई मोठं."
"मग मी कामून आले?"
चिंचोके फिरले, आपटले.
पाचही पांढरे.

खतावणीचं पान उलटलं.
त्याच्यावर पाइपांचे भाव.
पुढचं उलटलं.
"काय दिसायलंय?" मुदस्सिरनं विचारलं, मला नाही, तिला.

ती बराच वेळ काडीच्या दाराकडं बघत राहिली.
"एक बाकडं," म्हणाली.
"रिकामं.
आत आवाज नाही कशाचा.
कुणी सिस्टर म्हणून हाक मारत नाही.
मी बसते."

"किती वेळ?" व्यंकट.
"ते तू मोजू नको."

जादूगारानं हातातला जाळ विझवला,
तिच्या शेजारी जाऊन बसला, जरा अंतर ठेवून.
व्यंकटनं आपला शिपाई उचलला
आणि दाराबाहेर उभा केला, पाठ आत, तलवार बाहेर.
मी नियम शोधला नाही.
बाहेर कुत्रं भुंकलं, एक ट्रॅक्टर गेला.
खाली राक्षस बसून होता
तीन महिन्यांच्या मेहनतीवर.

अकरा वाजता मोबाईलची बॅटरी उतरली.
चिंचोके मोजून डबीत. चारच सापडले.

सोमवारी एक गिऱ्हाईक काउंटरवर टेकून गुहा बघत होता.
"पोराचा प्रोजेक्ट का?"
हो म्हणालो.
मला पोरगं नाही.
त्यानं नखानं टाचणीची कडी ओढून पाहिली.
"हे उघडत नाही का?"
"काल उघडलं होतं."

तो माझ्याकडं बघत राहिला जरासा,
मग अर्ध्या इंचाचे दोन एल्बो मागितले.